खिडक्यांचा खुलासा

मेंढेवाडी, ता. कन्नड
१९ जून २०२३

मा. उपअभियंता साहेब,

शाळेचं कार्यालयीन पत्र जावक क्रमांक टाकून सकाळीच टपालात दिलं आहे. हे त्याच्यामागून येणारं साधं पत्र. याला क्रमांक नाही, म्हणून ते टोपलीत टाकायला हरकत नाही, असं कृपया समजू नये.

फेब्रुवारीत पाठवलेला आमचा प्रस्ताव मे महिन्यात परत आला. त्यावर एका ओळीचा शेरा होता : 'सदर खिडक्या मूळ नकाशात आहेत काय?' आहेत. नकाशाची प्रत पुन्हा जोडली आहे. पहिल्या वेळीही जोडली होती, पण ती उलगडायचे कष्ट कोणी घेतले नसावेत. घड्या जशाच्या तशा परत आल्या.

मी लिहायला बसले ती शेऱ्यामुळे नाही, सहीमुळे. खाली 'त्रिं. के. गाडेकर' असं आहे. याच वाडीतल्या मेंढरंवाल्या केरबांचा त्रिंबक तो आपणच, हे मी केंद्रप्रमुखांकडून पक्कं करून घेतलं. १९९३ साली आपण माझ्या वर्गात चौथीत होता. मी द्वारका निकम, पिशोरहून छत्री घेऊन पायी येणारी बाई. आपल्याला 'साहेब' लिहिताना हात अडखळतो, पण सरकारी काम आहे, म्हणून लिहिते.

देवगाव रंगारी, वेरूळ आणि आणखी दोन गावं फिरून मागच्या वर्षी मी मुख्याध्यापिका म्हणून पुन्हा इथंच आले. येत्या मे महिनाअखेर निवृत्त होते. त्याआधी एक काम व्हावं एवढीच इच्छा आहे. मोठ्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत तीन खिडक्या होत्या. त्या पूर्वी कधीतरी विटा लावून बंद केलेल्या आहेत. त्या उघडायच्या.

या एका खोलीत पहिली ते चौथीची बत्तीस मुलं बसतात. दुसऱ्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ आणि मोडकी बाकं. उजेड येतो तो फक्त दारातून. दारासमोरची चार-पाच पोरं सोडली तर बाकीची अंदाजाने लिहितात. वीज असेल तर दोन दिवे लागतात, आणि वीज असते तेव्हा सहसा रविवार असतो. दुपारी एकनंतर आत इतकं कोंदतं की लहान पोरं पाटीवर डोकं टेकून झोपतात आणि मोठी डोकं दुखतंय म्हणून घरी जातात. मी तपासणीच्या वहीत 'मुले निरुत्साही' असं लिहिलेलं वाचलं. निरुत्साही नाहीत हो, गुदमरलेली आहेत.

इमारत सरकारी असल्यामुळे वीटसुद्धा हलवायची तर आपली तांत्रिक मंजुरी लागते. फकिरा गवंडी काम करायला तयार आहे, निधी मागत नाही. फक्त सही पाहिजे. आपण चौथीत असतानाच सही छान करत होता.

आपली,
द्वारका निकम

१४ जुलै

साहेब,

प्रस्ताव परत आला. या वेळी वीस दिवसांत आला, म्हणजे प्रगती आहे. नवा शेरा असा : 'सदर खिडक्या कोणी, केव्हा व कोणत्या ठरावाने बंद केल्या, याचा खुलासा करावा.'

मला प्रामाणिकपणे सांगा, याचा आणि उजेडाचा संबंध काय? मुलांना आज फळा दिसत नाही आणि आपल्याला तीस वर्षांपूर्वीचा ठराव पाहिजे. ठरावांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. खिडक्या गावकऱ्यांनी बंद केल्या असाव्यात. मी तसा खुलासा आजच पाठवते आहे, म्हणजे पुन्हा वीस दिवस जायला नकोत.

आता आपल्याला एक घडलेलं सांगते, म्हणजे घाई कशासाठी ते कळेल. वाडीतल्या दगडाबाईची सुगंधा चौथीत आहे. वर्षभर तिच्या नावापुढे मी 'अप्रगत' लिहीत आले. फळ्यावरचं वाचायला सांगितलं की पोरगी गप्प, नाहीतर शेजारणीच्या मागून पुटपुटायची. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. मागच्या आठवड्यात तांदळाच्या पोत्यातून विंचू निघाला, म्हणून सगळा वर्ग बाहेर लिंबाखाली नेला. लहान गुंडाळफळा झाडाला टांगून तोच धडा लिहिला. सुगंधानं तो घडाघडा वाचला, वर पुढचा प्रश्नही वाचून दाखवला.

मी विचारलं, "मग आत का वाचत नाहीस गं?"

ती म्हणाली, "आत दिसतंच नाय की, बाई. मी पुढलीचं ऐकून म्हणते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं सगळ्याइला तसंच दिसतं."

एप्रिलमध्ये डोळे तपासायला पथक आलं होतं, तेव्हा तिचे डोळे नीट निघाले होते. पथकानं मुलं अंगणात उभी करून तपासली. खोली तपासायचं त्यांच्या कागदावर नव्हतं.

मग लिंबाखालीच शिकवा, असं आपण म्हणाल. शिकवते. पाऊस आला की पळते. आणि केंद्रप्रमुख येऊन सांगून गेले की वर्ग वर्गखोलीत भरवावा, बाहेर भरवल्याचा फोटो वर गेला तर अडचण होईल.

आपली,
द्वारका निकम

२ सप्टेंबर

त्रिंबक,

'साहेब' संपलं. पुन्हा तोच प्रस्ताव, पुन्हा तोच शेरा आणि खाली नवी ओळ : 'खुलासा समाधानकारक नाही.' ज्या मुलाची शुद्धलेखनाची वही मी लाल शाईनं भरून टाकायची, त्यानं माझ्या कागदावर लाल शाईनं लिहावं आणि मी त्याला 'आपण' म्हणावं, एवढा माझा स्वभाव चांगला नाही. तू तेव्हा ओळखलाच असशील.

तुमच्या विभागाच्या कागदावर जिल्ह्याचं नवं नाव आलं आहे. आम्हालाही आदेश आला की पाटी आठ दिवसांत रंगवून घ्या. आम्ही सहा दिवसांत रंगवली. म्हणजे आदेश निघू शकतो, आठ दिवसांत काम होऊ शकतं, हे सिद्ध झालं. मग तीन भगदाडांना काय धाड भरली आहे?

आमच्या भिंतीचं तुला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी 'बोलक्या भिंती' रंगवायला निधी आला. भिंती बोलक्या करायच्या म्हणून पेंटरनं फळं, अक्षरं, पाढे काढले. पश्चिमेच्या भिंतीवर त्या तीन चौकटींच्या खुणा प्लास्टरमधून दिसत होत्या. तिथं त्यानं काय काढावं? खिडक्या. निळे गज, मागे डोंगर, डोंगरात सूर्य आणि एक पोपट. तीन खिडक्या, तीन पोपट. अंधारात तेही दिसत नाहीत, मोबाइलचा दिवा लावून पाहावे लागतात. शाळा समितीचे अध्यक्ष कारभारी यांना ते इतके आवडतात की भिंत फोडायचं नाव काढू देत नाहीत. म्हणाले, "बाई, फोटूत लई भारी दिसतीय भिंत. खरी खिडकी काढली तर धूळ येईल, वारं येईल. ही बरी, हिला पुसायबी लागत नाय."

मग प्रोजेक्टर आला. तो बसवायला आलेले एक अधिकारी खोलीत शिरले आणि खूश झाले. "वा, अंधार आयताच आहे. इतर शाळांना पडदे शिवावे लागतात." मी त्यांना चहा दिला. माझ्या मनात काय आलं ते चहात घालता येत नाही.

तर तुझा खुलासा. लिहून घे. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी खिडक्या बंद केल्या. मुलांचं लक्ष बाहेर जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांना कोणी विचारणार नाही. ठराव नव्हता. झालं समाधान? आता सही कर. दिवाळीच्या सुट्टीत काम उरकता येईल. ती सुट्टी गेली की उन्हाळ्यापर्यंत वेळ नाही, आणि उन्हाळ्यानंतर मी नाही. माझ्यामागून येणाऱ्याला प्रोजेक्टर जास्त प्रिय असेल.

द्वारका निकम

१९ ऑक्टोबर

त्रिंबक,

सोमवारी मी तुझ्या कार्यालयात आले होते, हे तुला माहीत आहे. पिशोरहून पहाटेची बस धरली. अकरा ते तीन बाकावर बसले. शिपाई म्हणाला, "साहेब साइटवर गेले." तू काचेच्या पलीकडे बसला होतास. पांढरा शर्ट, चष्मा, आणि कपाळावरची ती जुनी खोक. तू मला पाहिलंस आणि फाइल वर धरलीस. तुझ्या खोलीला चार मोठ्या खिडक्या आहेत. चारींना पडदे ओढलेले होते आणि आत ट्यूब लावलेली होती. मला इतका संताप आला की परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईशीच भांडले.

त्याच संतापात दुसऱ्या दिवशी तुझ्या वडिलांकडे गेले. तुझी तक्रार करायला गेले होते, खोटं कशाला सांगू. केरबा अंगणात घोंगडी उसवत बसले होते. नजर अधू झाली आहे, पण मला पावलांवरून ओळखलं. मी तावातावानं सगळं सांगितलं. तीन वेळा फाइल परत, दोन वेळा तोच प्रश्न, हा कसला कारभार.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला ठराव नगं हाय, बाई. कुणी बुजवल्या ते त्यो इचारतोय. त्याला काय ठाव नाय व्हय?"

ते पुन्हा उसवायला लागले. उसवता उसवता म्हणाले, "मलाबी ठाव हाय. फकिरालाबी ठाव हाय. तुमीच तेवढं सांगायचं ऱ्हायलंय."

त्रिंबक, खिडक्या मी बंद केल्या.

मुख्याध्यापकांनी नाही. ते बिचारे नको म्हणत होते, आणि मी मेलेल्या माणसावर खोटं लिहून सरकारी कागदावर पाठवलं. गावकऱ्यांचाही संबंध नव्हता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की ही वाडी माझ्यामुळे सुधारणार आहे. दर दिवाळीनंतर कळप चरायला गंगथडीला, गोदाकाठी, निघाले की पश्चिमेच्या वाटेनं घंटा वाजायच्या, सगळा वर्ग खिडक्यांना लोंबकळायचा आणि चार दिवसांत चाळीसाची बावीस पोरं व्हायची. गेलेली जूनमध्ये परत यायची, अर्धी यायचीच नाहीत. मी घरोघर फिरले. पोर आजीपाशी ठेवा म्हणून आयांच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. तुझ्या आईनं, सखूबाईनं, सगळ्यात आधी ऐकलं. तुला ठेवून जाणारी ती पहिली.

तरी माझं समाधान होईना. नजर बाहेर गेली की पाय बाहेर जातात, असं माझं गणित. जून ९३ मध्ये फकिराला बोलावलं आणि तिन्ही खिडक्यांना विटा लावून घेतल्या. कोणाला विचारलं नाही. ठराव नाही, अर्ज नाही. फकिरा म्हणाला होता, "बाई, खोली मुकी व्हईल." मी म्हणाले, "होऊ दे, पोरं तरी बोलतील." पुढच्या वर्षी शंभर टक्के उपस्थितीबद्दल मला आदर्श शिक्षिकेचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते आमच्या बैठकीत लावलेलं आहे. अजून आहे.

आता नोव्हेंबर ९३ चा तो दिवस. तुला माहीत आहे तेवढं आधी लिहिते. त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. तुम्हाला मी हाताची घडी घालून बसवलं होतं. घंटा वाजल्या. भिंतीपलीकडून तुझी आई हाक मारत होती, "तिरंबका, ए तिरंबका." तू उठलास. "बाई, आई आलीय." मी म्हणाले, "बस खाली. मधल्या सुट्टीत भेट." तू बसला नाहीस, हात वर करून उभाच राहिलास. मी खडूचा तुकडा फेकून मारला. मधल्या सुट्टीत तू नाल्यापर्यंत पळत गेलास आणि एकटाच परत आलास. जानेवारीत ती पैठणच्या पलीकडे तापानं गेली. फेब्रुवारीत तू आश्रमशाळेत निघून गेलास. जाताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. सोमवारीही पाहिलं नाहीस, हे आता मला समजतं.

तुला माहीत नाही ते पुढे आहे, आणि हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तुमच्यात रीत होती. कळप हलायच्या आधी, जे माणूस मागं राहणार त्याच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावायचा. ती पिवळी हळद लावल्याशिवाय बायका वाटेला लागत नसत. ९१ आणि ९२ साली तुझ्या आईनं गजांतून हात आत घालून तुला भंडारा लावला होता. वर्ग न मोडता, माझ्याकडे बघून हसून. त्या वर्षी ती आली तेव्हा खिडकी नव्हती. तुम्ही बाहेर पळाल्यावर मी भिंतीच्या मागे गेले. विटांवर भंडारा लावलेला होता. पाच बोटं आणि अंगठ्याचा ओढलेला टिळा. दोन वर्षं उभं राहिल्यावर तुझं कपाळ जिथं यायचं, बरोबर त्या उंचीला.

साहेब यायची वेळ झाली होती. नव्या भिंतीवर डाग दिसेल म्हणून मी चुन्याची बादली आणली आणि त्यावरून हात फिरवला. दोन हात द्यावे लागले. पहिल्यातून पिवळं वर येत होतं.

मी मागच्या वर्षी इथं आले तेव्हा खिडक्या उघडायचं माझ्या मनात पहिल्या दिवशी आलं. पण उघडायच्या म्हणजे कोणी बंद केल्या तेही उघडं पडणार, म्हणून फेब्रुवारीपर्यंत थांबले. त्या थांबण्यात सुगंधाचं एक वर्ष गेलं. आणि मी तुमच्या विभागाला दिरंगाईची नावं ठेवते.

याच मजकुराचा कार्यालयीन खुलासा जावक क्रमांक टाकून आज टपालात दिला आहे. त्यात विटांपर्यंत सगळं आहे, माझ्या नावासकट. भंडाऱ्याचं त्यात नाही. ते तुझं आहे. माझं काय करायचं ते कर, पण खिडक्यांची सही त्यासाठी अडवू नकोस. त्या बत्तीस पोरांनी तुझं काही घेतलेलं नाही.

बाई

९ नोव्हेंबर

त्रिंबक,

तू येऊन गेलास त्याला सहा दिवस झाले आणि मला अजून राग येतो आहे. आधी कळवलं असतंस तर निदान खोली झाडून ठेवली असती. दारात गाडी थांबली तेव्हा मी तिसरीला वजाबाकी शिकवत होते. तू बूट काढलेस, आत आलास, मला नमस्कार नाही, काही नाही. सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी तिसऱ्या ओळीत जमिनीवर बसलास. तुझी जागा. पोरं हसायला लागली. मी त्यांना गप्प केलं नाही.

मग तू सुगंधाला जवळ बसवलंस. टेप काढून जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत मोजलंस आणि डायरीत लिहिलंस. तिला विचारलंस, "समोर काय दिसतंय?"

"खिडकी," ती म्हणाली.

"खिडकीत काय हाय?"

"डोंगर, सूर्य अन् राघू." मग म्हणाली, "रोज त्योच राघू असतो."

तू हसला नाहीस. चहा घेतला नाहीस. गाडीकडे जाताना एकदाच थांबलास आणि भिंतीकडे बघत विचारलंस, "हात कुठं होता?" तीस वर्षांत तू माझ्याशी बोललेले शब्द हे तीनच. मी मधल्या खिडकीची मागची बाजू दाखवली. तू बराच वेळ उभा होतास. मी लिंबाखाली जाऊन थांबले, कारण तिथं उभं राहायचा मला हक्क नव्हता.

काल दोन लखोटे आले. एकात तुझी मंजुरी. खिडकीचा तळ नकाशात तीन फुटांवर होता, तो तू खोडून पावणेदोन फूट केलास. समासात लिहिलंस : 'खाली बसलेल्या मुलास बाहेरचे दिसले पाहिजे.' तेहतीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य सरकारी कागदावर मी पहिल्यांदा वाचलं. शाळा बांधणाऱ्यांनी पोरं बसतात कुठं ते कधी पाहिलंच नव्हतं, आणि मीही पाहिलं नव्हतं. मी कायम उभी असायची.

दुसऱ्या लखोट्यात शिक्षण विभागाची नोटीस. शासकीय इमारतीत विनापरवानगी बदल केल्याबद्दल, तसेच दिशाभूल करणारा खुलासा दिल्याबद्दल, आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये? खाली 'संदर्भ : उपअभियंता यांचा अहवाल.' वाचून मी आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना कोणी असं करतं का? माझे मिस्टर म्हणाले, बदला घेतला पोरानं. मीही दुपारपर्यंत तेच म्हणत होते.

संध्याकाळी पुन्हा मंजुरीची तारीख पाहिली. नोटिशीच्या अहवालाची तारीखही तीच आहे. तू एकाच बैठकीत दोन्ही लिहिलंस. एकाच्या बदल्यात दुसरं अडवलं नाहीस. मी मागितलं होतं ते तसंच दिलंस. म्हणून आता तक्रार नाही. राग आहे. राग राहू दे, तो माझा मला उपयोगी पडतो.

फकिराला निरोप धाडला आहे.

बाई

५ डिसेंबर

त्रिंबक,

खिडक्या उघडल्या. फकिराला आता हातोडा पेलत नाही. तो खाटेवर बसून सांगत होता आणि त्याची सून छिन्नी चालवत होती. पहिली वीट निघाली तेव्हा तो म्हणाला, "माझ्या हाताचं काम हाय, लवकर सुटायचं नाय." खरंच सुटत नव्हतं. तीन खिडक्यांना पाच दिवस लागले. खाली दगड कापून तळ तुझ्या मापावर आणला. गज पुन्हा बसवले.

मधल्या खिडकीच्या विटा मी एकेक करून पाहिल्या. चुन्याचे पापुद्रे नखानं काढले. पिवळं कुठंच दिसलं नाही. खोटं लिहून तुला बरं वाटेल असं करणार नाही, त्याचा पुरे अनुभव झाला. फकिराची सून म्हणाली, "तीस वर्सं हळद ऱ्हाती व्हय, बाई?" नसेल राहत.

सगळं गोड झालेलं नाही. कारभारी दोन दिवस बोलत नव्हते, त्यांचे तीन राघू गेले. प्रोजेक्टरवर आता काही दिसत नाही म्हणून माझ्याविरुद्ध वेगळा अर्ज गेला आहे. पश्चिमेची धूळ खरंच येते, फळा दिवसातून तीनदा पुसावा लागतो. पोरं खिडकीजवळच्या जागेसाठी मारामाऱ्या करतात, म्हणून आठवड्याला ओळी फिरवते. पण दुपारी कोणी पाटीवर झोपत नाही. सुगंधाच्या नावापुढचा 'अप्रगत' मी खोडला आणि समासात लिहिलं : 'चूक शिक्षिकेची.' सही केली.

काल वाडीतले कळप निघाले. अकराच्या सुमारास घंटा ऐकू आल्या आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. एकही पोर उठलं नाही. मला तेच जास्त लागलं. मी खडू ठेवला आणि म्हणाले, "बघा की." मग सगळी खिडक्यांना लोंबकळली.

सुगंधा यंदा आजीपाशी राहणार आहे. दगडाबाई मधल्या खिडकीशी आली, लुगड्याच्या गाठीतून भंडारा काढला आणि गजांतून हात घालून पोरीच्या कपाळाला लावला. सुगंधा रडली थोडी, मग गाढवावर बांधलेली कोकरं मोजायला लागली. मी टेबलाशी बसून नोटिशीचं उत्तर पुरं करत होते. टेबल त्याच खिडकीशी आहे. दगडाबाईचा हात आतच होता. मला म्हणाली, "बाई, इकडं या जरा."

मी म्हणाले, "मला कशाला गं?"

"तुमीबी मागंच ऱ्हाताय की."

मी वाकले. तिनं लावला. बोटांवरचा उरलेला झटकला तो टेबलावरच्या दोन्ही प्रतींवर पडला.

उत्तर आज पाठवलं. नोटिशीत विचारलं होतं, कारवाई का करू नये. मी लिहिलं आहे की करावी. त्याची प्रत तुला सोबत जोडली आहे. मुख्य प्रतीवर आणि तुझ्या प्रतीवरही, सहीच्या वर, पिवळा डाग आहे. स्वच्छ कागद घेऊन पुन्हा लिहायला वेळ होता. डाग आहे म्हणून तुमचे कारकून ही प्रत परत पाठवतील, तर त्यांना सांग, या वेळी बाईंनी तो पुसला नाही.

बाई